तोडू का ठेवू?

हवामानाचा नाद मला सूर्यामुळे लागला, आणि पुढे मी तोंडघशी पडत गेले त्यालाही बऱ्याच अंशी सूर्यच जबाबदार आहे. सूर्य फार नेमका असतो. पुण्यात अमुक तारखेला तो किती वाजून किती मिनिटांनी उगवेल हे पुढच्या पन्नास वर्षांचं आज मांडून ठेवता येतं. सगळी नोकरी जमाखर्च जुळवण्यात गेलेल्या बाईला एवढा नेमकेपणा बघून भुरळ पडली नाही तरच नवल. डिसेंबर सरत आला की मी वही काढते, एका रकान्यात दिवस किती मिनिटांनी वाढला ते लिहिते आणि शेजारच्या रकान्यात फेब्रुवारी कसा जाईल, मार्चात ऊन किती चढेल, याचे माझे अंदाज. पहिल्या रकान्यातली खात्री दुसऱ्यात कधी झिरपली, ते मला कितीतरी वर्षं कळलं नाही.

बरं, पहिल्या रकान्यातही मी काही शहाणी नव्हते. २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस, म्हणजे २३ पासून लवकर उजाडणार, असं मी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींना छातीठोकपणे सांगितलं होतं. जानेवारी अर्धा झाला तरी आम्ही मोबाइलच्या उजेडात चढत होतो. आमच्यातले एक निवृत्त मास्तर रोज पायथ्याशी भेटले की आभाळाकडे बघून नुसते खाकरायचे. शेवटी मी मुकाट्याने सूर्योदयाचे तक्ते काढून बसले. पुण्यातला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास असतो, सात वाजून आठ-दहा मिनिटांनी. सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन गेलेला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ आणि म्हणून सर्वांत वेगात, त्यातच तिचा आस कललेला. या दोन्हींमुळे त्या दिवसांत खरी माध्यान्ह आपल्या घड्याळात रोज साधारण अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते आणि सूर्योदय-सूर्यास्त दोघांनाही ओढत नेते. दिवस वाढत असतो, पण सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूला. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं घरोघरी म्हणतात, तेव्हा मी नाक वर करून ‘तो तर तीन आठवड्यांपूर्वीपासून वाढतोय’ असं सांगायची. आता सांगत नाही. पहाट खरोखर मागे यायला लागते ती संक्रांतीनंतरच.

फेब्रुवारी ते एप्रिल मात्र उलटं. संध्याकाळ जवळजवळ जागची हलत नाही, सूर्यास्त दोन महिन्यांत जेमतेम पाव तास पुढे जातो, आणि सकाळ भराभर अलीकडे येते. हे मला फार आवडतं. मार्चच्या मध्याला सूर्योदय पावणेसातच्या आत आलेला असतो आणि दिवस नेमका बारा तासांचा झालेला असतो. हो, २१ मार्चला नव्हे. हवेतून किरण वाकतात म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो, शिवाय आपण सूर्योदय धरतो तो बिंबाची वरची कड दिसल्यापासून. त्यामुळे विषुवदिनाला आपला दिवस रात्रीपेक्षा चांगला चौदा-पंधरा मिनिटांनी मोठा असतो. भाचीच्या शाळेच्या वहीत मी ‘चूक’ असा शेरा मारून हे लिहिलं होतं आणि तिला त्या प्रश्नाचे गुण गेले होते, पण ते प्रकरण घरात मिटलेलं आहे.

खरी गडबड पुढे झाली. मी हवामान शिकले ते इंग्रजी पुस्तकांतून, आणि ती लिहिणारी माणसं लंडन-एडिंबराच्या बाजूची. तिथे डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनचा साडेसोळा तासांचा होतो. त्यांचा वसंत उजेडाच्या पाठीवर बसून येतो यात नवल नाही. मी तेच उचलून पुण्याला लावलं. आपल्याकडे सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आतला. एवढ्याशा फरकाने कुठली आग लागते? आपल्याकडे फरक पडतो तो सूर्याच्या उंचीने. डिसेंबरात भर दुपारी तो पुण्यात क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, विषुवदिनाला एकाहत्तरच्या पुढे, आणि मेच्या मध्याच्या आसपास थेट डोक्यावर, सावली पायाखाली घेऊन. त्यात आभाळ निरभ्र, माती कोरडी. पाण्याची वाफ करण्यात खर्च व्हायची ती उष्णता सगळी हवा तापवण्यात जाते. हे समजेपर्यंत मी ‘दिवस एवढ्या मिनिटांनी वाढला, म्हणजे तापमान एवढ्याने’ असं गणित मांडून एक सुंदर आलेख काढला होता. तो जुळतही होता. दोन गोष्टी एकाच दिशेने वाढत असल्या की कुठलाही आलेख जुळतो.

तापमापकाचं तर सांगायलाच नको. पहिला मी पश्चिमेच्या बाल्कनीत, भिंतीला लावून टांगला. मार्चमध्येच त्याने ४१ दाखवलं, शिवाजीनगरच्या अधिकृत आकड्याच्या कितीतरी वर, आणि मी नातेवाइकांना कळवलं की वेधशाळा कमी सांगते. मग सुताराकडून स्टीव्हन्सन पेटी करून घेतली: पांढरी, पट्ट्यांच्या दुहेरी भिंती, दार उत्तरेला. थॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर, ‘ट्रेझर आयलंड’वाल्या रॉबर्ट लुईचा बाप, त्याने ही पेटी जमिनीवर, मोकळ्या गवतात ठेवायसाठी योजली. मी ती गच्चीवर ठेवली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊब सोडत राहतो, आणि माझ्या वहीत पुण्याची थंडी वर्षानुवर्षं ‘कमी होत’ गेली. मध्यंतरी बाजूला आणखी दोन इमारती उठल्या, तेव्हा आणखी कमी झाली. हवामानबदलावर मी त्या आकड्यांच्या जोरावर एका वाचनालयात व्याख्यानही दिलं. निष्कर्ष साधारण बरोबर होता, पुरावा सगळा स्लॅबचा होता.

आता मार्च ते मे या हंगामाच्या अंदाजाकडे येते, कारण दुखरी जागा तीच.

भारतीय हवामान खातं फेब्रुवारीच्या अखेरीस उन्हाळ्याचा अंदाज काढतं. नकाशावर लाल-पिवळे-निळे डाग असतात. ते काय सांगतात हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. रंग बघायची आणि पुढे निघायची. मुळात तिथे मागच्या बऱ्याच वर्षांतले ते महिने तापमानाच्या क्रमाने लावून त्यांचे तीन सारखे भाग केलेले असतात: वरचा, मधला, खालचा. काहीच ठाऊक नसेल तर तिघांनाही सारखी, म्हणजे ३३ टक्के शक्यता. एखाद्या भागावर लाल छटा आली याचा अर्थ वरच्या भागाची शक्यता ३३ वरून उदाहरणार्थ ५० वर गेली. निम्म्या वेळा तसं होणार नाही, हेही त्याच लाल रंगात लिहिलेलं असतं. शिवाय ती सरासरी तीन महिन्यांची आणि मोठ्या प्रदेशाची. त्यात कुठला तरी एक आठवडा गारठ्याचा, एखादी दुपार गारांची असू शकते. नकाशा खोटा ठरत नाही.

२०२३ साली मी दोन चुका केल्या, आणि दुसरी पहिलीच्या पोटातून आली. त्या हिवाळ्यात प्रशांत महासागरातली ला निना सलग तिसऱ्यांदा होती, शेवटच्या घटका मोजत होती पण होती. ला निना म्हणजे थंडी, असं माझं समीकरण. म्हणून मी जानेवारीतच जाहीर केलं की फेब्रुवारी गार जाणार, रजया आवरू नका. तो फेब्रुवारी कमाल तापमानाच्या देशभरच्या सरासरीत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण निघाला. रजयांवरून घरात बरीच थट्टा झाली. थट्टेने माणूस नम्र होतो असं म्हणतात. मी चिडले आणि दुसऱ्या टोकाला गेले. फेब्रुवारी असा, तर मार्च भट्टी. त्यातच हंगामी अंदाजात मध्य भारताच्या बऱ्याच भागांत उष्णतेच्या लाटांची शक्यता नेहमीपेक्षा जास्त सांगितलेली. मला हवा होता तो शिक्का मिळाला.

माझा आतेभाऊ निफाड तालुक्यात राहतो. द्राक्षाची बाग, थोडा कांदा. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात राज्यातले नीचांकी आकडे नोंदले जातात, त्यामुळे माझं त्या गावाशी दुहेरी नातं. थंडी पडली की मी दादाला फोन करून आकडा विचारते आणि तो म्हणतो, ‘अगं आकडा काय विचारतेस, मणी फुगेनात इथं.’ त्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन त्याचा आला. बागेत व्यापारी येऊन गेला होता, दर बरा होता, पण गोडी अजून पुरती उतरली नव्हती. आठ-दहा दिवस थांबलं तर ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, वाढेल, किलोमागे चार पैसे जास्त सुटतील.

‘काय म्हणतंय तुझं हवामान?’ त्याने विचारलं.

‘थांब बिनधास्त. यंदा उन्हाळा कडक आहे, कोरडं राहील.’

ही दोन वाक्यं मी किती सहज बोलले! उन्हाळा कडक, हे शक्यतेचं विधान होतं, ते मी निश्चित करून टाकलं. ‘कोरडं राहील’ हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. तापमानाच्या नकाशावरून पाऊस मी माझ्या मनाने काढला. उष्ण म्हणजे कोरडं, एवढाच तर्क. आणि मार्चमध्ये नेमका तोच तर्क चालत नाही. या दिवसांत उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात सरकत असतात, त्यांच्यामुळे वरच्या थरात थंड हवा येते. खाली बंगालच्या उपसागरावरून, कधी अरबी समुद्रावरून दमट वारे राज्यात शिरतात. यांच्यामध्ये तापलेली जमीन असली की खालची दमट हवा उसळून वर जाते, काही तासांत ढगांचे मनोरे उभे राहतात आणि गारा पडतात. तापलेली जमीन गारपिटीच्या विरोधात नसते, तिच्या बाजूने असते. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र गारांनी झोडपला होता. त्याची कात्रणं माझ्याच वहीत चिकटवलेली होती.

मार्चच्या मध्याला राज्याला अवकाळीने घेरलं. त्याची पूर्वसूचना खात्याने चार-पाच दिवस आधी दिली होती. इशाऱ्याच्या नकाशावर जिल्ह्याजिल्ह्याचा रंग बदललेला होता, मंगळवार-शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यातही होतं. मी ते उघडून बघितलंच नाही. कारण माझं मत आधीच ठरलेलं होतं आणि तीन महिन्यांचा अंदाज कळणाऱ्या बाईने चार दिवसांचा अंदाज कशाला बघायचा? एवढं वाक्य लिहायलाही मला आज जड जातं. दादा मात्र आभाळ बघून अस्वस्थ झाला होता. त्याने मला पुन्हा फोन केला नाही, व्यापाऱ्याला केला. पण तोवर सगळ्यांनीच केला होता आणि तोडणारी टोळी मिळेना.

त्याच्या बागेत गारा थोड्या पडल्या, पाऊस बराच. पिकायला आलेल्या मण्यांना पाणी लागलं की साल ताणून फाटते. दुसऱ्या दिवशी घड हातात घेतले तर मणी तडकलेले, रस गळतोय, माशा घोंगावतायत. दर ठरवून गेलेला व्यापारी फिरकला नाही. शेवटी माल बेदाण्याला गेला, मिळेल त्या भावात. मी भेटायला गेले तेव्हा दादा म्हणाला, ‘तुझ्यामुळं थोडाच थांबलो? दराच्या हावेनं थांबलो.’ तो खरं बोलत होता की मला मोकळं करत होता, ते मी ठरवू शकले नाही. वहिनींनी चहा ठेवला, कप हातात दिला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी जरा वाचायला बसले. या देशातला हंगामी अंदाजही वसंतातल्या एका गोष्टीवरूनच सुरू झाला, हे तेव्हा मनावर ठसलं. हेन्री ब्लॅनफर्ड हे खात्याचे पहिले प्रमुख. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडलं की पुढचा पावसाळा कमी, असं त्यांना दिसलं आणि १८८० च्या दशकात त्यावरून त्यांनी मोसमी पावसाचे अंदाज द्यायला सुरुवात केली. ते नातं पुढे तितकं पक्कं राहिलं नाही. बऱ्याच वर्षांनी, १९०४ मध्ये, आलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून बघताना त्यांना प्रशांत महासागराचा तो मोठा झोका सापडला, ज्यावर आज एल निनोची सगळी भाषा उभी आहे. पण त्यांनी शोधलेले कितीतरी इतर संबंध पुढच्या दशकांत विरून गेले. वॉकरांची ही गत, मग आंब्याचा मोहोर, जानेवारीतली दोन आठवड्यांची थंडी आणि मार्चचा पाऊस यांचं मी जुळवलेलं नातं कुठल्या खिजगणतीत? तेही मी काही काळ लोकांना सांगत होते.

ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये अंदाज तपासायची एक साधी रीत सुचवली. ‘पडेल’, ‘नाही पडणार’ असं न म्हणता शक्यता टक्क्यांत लिहायची. मग जे घडलं त्याला एक आणि न घडलं त्याला शून्य धरून फरकाचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची सरासरी काढायची. जितकी कमी तितकं बरं. मी माझे जुने ठाम अंदाज काढले, प्रत्येकाला त्या वेळी मला वाटत असलेली खात्री टक्क्यांत लावली, आणि त्यांची तुलना एका काल्पनिक आळशी माणसाशी केली, जो दर वर्षी डोळे मिटून नुसती जुन्या वर्षांची सरासरी सांगतो. आळशी माणूस जिंकला. थोडक्याने नाही. मला आठवत होते ते बरोबर ठरलेले अंदाज. चुकलेले वहीत होते पण डोक्यात नव्हते.

टक्के लिहायला लागल्यावर तरी सुधारले असेन, असं वाटेल. २०२५ चा फेब्रुवारीही तसाच, सरासरी तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण. उन्हाळ्याचा अंदाज पुन्हा लाल. ‘मेमध्ये पुण्यात मोठा पाऊस’ यापुढे मी १० लिहिलं होतं. मग तो मे आला: देशात १९०१ पासूनचा सर्वांत ओला मे, मोसमी पाऊस केरळात २४ तारखेला आणि २६ ला मुंबईत, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून. पुण्यात गच्चीवर पाणी साचलेलं. त्या रात्री मी वही उघडली. शक्यतांचे आकडे मी पेन्सिलीने लिहीत असे. खोडरबर तिथेच होता. १० चे ३० झाले.

कुणी बघणारं नव्हतं, कुणाला दाखवायची नव्हती, बक्षीस नव्हतं. मग खोडलं कशासाठी? दहा टक्क्यांची गोष्टही कधीतरी घडायचीच, एवढं मला कळत होतं. सकाळी ते तीस पुन्हा दहा केले, पण कागद तिथे विरला आहे आणि पान उलटलं की दिसतो. आता सगळं शाईने लिहिते.

हे ऐकून माझे एक परिचित म्हणाले की मग हंगामी अंदाज काढतातच कशाला? हा निष्कर्ष मला मान्य नाही. वीज किती लागेल, धरणातलं पाणी कसं पुरवायचं, रुग्णालयांनी उष्माघाताची तयारी किती ठेवायची, हे ठरवणाऱ्यांना ३३ चे ५० होणं पुष्कळ असतं, कारण ते दर वर्षी आणि मोठ्या प्रदेशासाठी ठरवतात. एका बागेत, एका आठवड्यात, एका व्यापाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी तो नकाशा काढलेलाच नाही. त्याच्यासाठी चार-पाच दिवसांचा अंदाज असतो, आणि तो बघायचा मी आळस केला होता.

दादाचा फोन यायचा थांबला नाही, हे त्याचं मोठेपण. त्या अवकाळीनंतरच्याच एका हंगामात तो पुन्हा त्याच पेचात होता. मी सगळं नीट उघडून बसले होते.

‘नाशिकच्या भागात पुढच्या चार दिवसांत हलक्या पावसाची शक्यता आहे, साधारण तीस टक्के म्हण.’

‘टक्के नको सांगू. तोडू का ठेवू, ते सांग.’

‘ते मी नाही सांगणार. थांबलास तर किलोमागे किती जास्त मिळतील?’

त्याने सांगितलं.

‘आणि पाऊस झाला तर किती जातील?’

तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘हे गणित आम्ही दर साली करतो गं. त्यासाठी फोन कशाला करायचा?’ तरी त्याने ते फोनवरच पुन्हा मांडलं, मी वहीत उतरवून घेतलं, आणि त्याने निम्मी बाग त्या दिवशीच्या दराने देऊन टाकली.

पाऊस आला नाही. ढग आले, दोन दिवस राहिले आणि गेले. उरलेल्या निम्म्या बागेला चांगला दर मिळाला. आधी तोडलेल्या निम्म्यावर किती सुटले नाहीत याचा हिशेब मला वहिनींनी स्वतः फोन करून सांगितला, दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी एवढं सलग बोलत. शेवटी म्हणाल्या, ‘मागं पाऊस आला ते तुमच्यामुळं, आणि यंदा नाही आला तेही तुमच्याच नावावर. पाडव्याला या, श्रीखंड करणार आहे.’